प्राग: टूरच्या आधी पहाटेची पायपीट

गाईड सगळं दाखवणारच, मग आधी एकट्याने कशाला भटकायचं, असं बरेचजण विचारतात. प्रागपुरतं सांगतो: जरूर भटका. दिवस वर आला की चार्ल्स पुलावर चालायला जागा उरत नाही. उजाडताच गेलात तर तोच पूल जवळजवळ रिकामा मिळतो. पायाभरणी १३५७ ची, राजा चौथ्या चार्ल्सच्या काळातली. कठड्यांवर ३० पुतळे आणि शिल्पसमूह (बरेचसे आता प्रतिकृती आहेत), प्रत्येकापाशी हवं तेवढं थांबा.

मग जुन्या शहराच्या चौकात या. १४१० च्या खगोलीय घड्याळाच्या तबकड्या तेव्हाच निरखून घ्या. तासाचे ठोके पडताना सगळ्यांच्या नजरा वर, प्रेषितांच्या (येशूच्या शिष्यांच्या) मूर्ती दिसतात त्या खिडक्यांकडे असतात. तिथून वळलं की जुन्या टाउन हॉलच्या पूर्वेकडच्या भिंतीलगत फरसबंदीत २७ पांढरे क्रूस दिसतील. हाब्सबुर्ग राजघराण्याच्या सत्तेविरुद्धच्या उठावातल्या २७ जणांना १६२१ मध्ये या चौकात देहदंड दिला गेला. गर्दीत लोक त्या क्रुसांवरून न बघता चालत जातात, हे मला फार लागतं. आधी पाहिलेलं असलं की गाईडला नेमकं विचारता येतं.

बूट जाड तळव्यांचे घ्या, रस्त्यातले दगड पायाला टोचतात.