मदत हवी आहे : नर्सिंगच्या वाटेवर समुद्रविज्ञान आणि तत्त्वज्ञानाचे कोर्स घ्यावेत का?

नमस्कार.

मी सोळा वर्षांपासून कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळ राहते. वय ४४, शिक्षण मुंबई विद्यापीठाचे बी.कॉम., तेही २००२ सालचे. मुले मोठी झाली, दोन वर्षांपूर्वी ग्रीन कार्ड हाती आले आणि बरीच वर्षे मनात असलेला नर्सिंगचा विचार आता तडीस न्यायचे ठरवले आहे. कम्युनिटी कॉलेजातली दोन वर्षांची असोसिएट पदवी, म्हणजे एडीएन, हा मार्ग मी धरला आहे. राज्याच्या रहिवाशांना येथे एका युनिटला (कोर्स मोजण्याचे माप) ४६ डॉलर पडतात आणि नर्सच्या परवान्यासाठी शेवटी द्यावी लागणारी एनक्लेक्स परीक्षा एडीएन आणि चार वर्षांची बीएसएन या दोन्ही पदव्यांना एकच असते, एवढे कळल्यावर चार वर्षांच्या खर्चात पडण्याचे कारण उरले नाही.

‘दोन वर्षांची पदवी’ हे नुसते म्हणायला आहे, हे कामाला लागल्यावर कळले. नर्सिंगसाठी अर्ज करण्याआधीच ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि मायक्रोबायॉलॉजी हे तीन विषय प्रयोगशाळेसह, शिवाय इंग्रजी निबंधलेखन, एवढे पदरात असावे लागते. मागच्या जानेवारीत नाव नोंदवायला गेले तेव्हा ॲनाटॉमीच्या प्रतीक्षायादीत माझा क्रमांक एकोणिसावा होता. सल्लागार बाईंनी सांगितले की प्रयोगशाळा असलेले कोणतेही विज्ञान घ्या, चालेल. मी इंग्रजीबरोबर चार युनिटांचे समुद्रविज्ञान घेतले. ते ‘चालेल’ मुख्य विषयाबाहेरच्या, म्हणजे सर्वसाधारण शिक्षणाच्या अटीपुरते होते, नर्सिंगच्या पूर्वअटींत त्याचा काही उपयोग नाही, हे मला सत्र अर्धे सरल्यावर समजले.

तरीही त्या सत्राचा पश्चात्ताप होत नाही, हीच माझी अडचण आहे. मी गुहागरची, समुद्र मला नवा नाही. पण येथे मे महिन्यातही पाण्यात पाय घातला की बधिर का होतो, हे मला सोळा वर्षांत कोणी सांगितले नव्हते. वसंतात वायव्येचा वारा किनाऱ्याला धरून वाहतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचे पाणी उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर ढकलले जाते, आणि त्याची जागा भरायला खालचे थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. तेथील मासळीची सुबत्ता त्यामुळेच आहे. एका शनिवारी आम्हांला मॉस लँडिंगला नेले होते, जेथे बंदराच्या तोंडापासूनच समुद्राखालची प्रचंड घळ सुरू होते. धक्क्यावरून बारीक जाळी ओढून काढलेल्या पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर त्यात डायटम हे सूक्ष्म शैवाल दिसले : काचेचे, झाकण घट्ट बसलेले, हुबेहूब कुंकवाच्या करंड्यासारखे. मी इतका वेळ पाहत राहिले की मागच्या मुलाने खाकरून आठवण करून दिली. शेवटी श्रेणी मात्र ‘बी’ मिळाली.

आता ऑगस्टच्या सत्रात ॲनाटॉमीत जागा मिळाली आहे आणि त्यासोबत तीन युनिटांचा नीतिशास्त्राचा कोर्स घ्यावा असे मनात आहे. तत्त्वज्ञान विभागाचा हा कोर्स मला हौसेपोटी नको आहे. सासूबाईंना कर्करोग झाल्याचे पुण्यात डॉक्टरांनी माझ्या यजमानांना व्हरांड्यात बाजूला घेऊन सांगितले; सासूबाईंना शेवटपर्यंत ‘पोटात गाठ आहे’ एवढेच ठाऊक होते आणि ते तसे ठेवण्यात मीही सामील होते. येथे रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती हा उपचाराचा पायाच मानतात. उद्या एखाद्या आजींच्या खाटेपाशी उभी असताना त्यांचा मुलगा मला ‘आईला सांगू नका’ असे म्हणाला, तर काय करायचे याचा नियम मला नर्सिंगच्या वर्गात मिळेल. आमचे त्या वेळी चुकले का, आणि चुकले असेल तर नेमके कोठे, याचा विचार मात्र मला आधी कोणासोबत तरी नीट करायचा आहे. यजमानांचे म्हणणे असे की हे सगळे नोकरी लागल्यावर करावे.

म्हणून या वाटेने गेलेल्यांना विचारते. समुद्रविज्ञानातली ‘बी’ नर्सिंगच्या निवडीत आड येते का? ॲनाटॉमीच्याच सत्रात तीन युनिटांचे वाचन आणि निबंध झेपतात का, की ते पुढे ढकलावे? आणि माझ्या जुन्या बी.कॉम.ला येथे काही किंमत आहे का?

प्रतिसाद :

ताई, मी याच मार्गाने एडीएन करून आता नर्स म्हणून काम करते, त्यामुळे अनुभवावरून लिहिते.

‘बी’ची चिंता सोडा. बऱ्याच कॉलेजांत निवड गुणांकनाने होते आणि त्यात ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी व मायक्रोबायॉलॉजी यांच्या श्रेणींचे वजन मोठे असते. काही ठिकाणी तर पात्र अर्जांमधून चक्क सोडत काढतात. टीज नावाच्या प्रवेशचाचणीत ६२ टक्के मिळवावे लागतात. तिच्या विज्ञानाच्या भागात शरीररचना आणि शरीरक्रिया यांवरच सर्वाधिक प्रश्न असतात, म्हणून ती परीक्षा फिजिऑलॉजी संपताच, डोके ताजे असताना द्यावी.

नीतिशास्त्र जरूर घ्या, पण या सत्रात नको. ॲनाटॉमीत वाचून समजण्यापेक्षा हाताळून लक्षात ठेवण्याचे काम अधिक असते. हाडाचा एकेक उंचवटा आणि खळगा नावानिशी ओळखावा लागतो, परीक्षेला टेबलांवर चिठ्ठ्या लावलेले नमुने मांडतात आणि मिनिटभरात पुढच्या टेबलाकडे सरकावे लागते. मी त्या सत्रात मोकळ्या प्रयोगशाळेच्या वेळांत आठवड्याला आठ-नऊ तास बसत असे. ‘सी’ मिळाली तर ती धुऊन काढणे अवघड, कारण पूर्वअटीचा विषय किती वेळा पुन्हा घेतलेला चालतो यावर अनेक ठिकाणी मर्यादा असते. अर्ज केल्यानंतर उत्तराची वाट पाहण्यात जे सत्र जाते, ते नीतिशास्त्रासाठी अगदी योग्य आहे. तोवर तुमचा प्रश्न शिळा होणार नाही; मी रोज वॉर्डात त्याला तोंड देते.

बी.कॉम.चे मूल्यांकन परदेशी पदव्या तपासणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेकडून आताच करून घ्या. विद्यापीठाकडून गुणपत्रिका थेट मागवाव्या लागतात आणि त्यात महिने जातात. गुणांकनात आधीच्या पदवीला गुण असतात. परदेशी पदवीमुळे सर्वसाधारण शिक्षणाच्या अटी माफ होतील का, हे कॉलेजागणिक बदलते, म्हणून उत्तर लेखी घ्या. तोंडी ‘चालेल’ काय असते ते तुम्ही पाहिलेच आहे.

आणखी एक, जे मला फार उशिरा कळले. कम्युनिटी कॉलेजांच्या गुणांकनाविषयी राज्याचा जो कायदा आहे, त्यात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा येण्यालाही गुण देण्याची तरतूद आहे आणि त्या भाषांच्या यादीत भारतीय उपखंडातील भाषांचा स्पष्ट उल्लेख आहे. मी माझ्या अर्जात तो रकाना रिकामा ठेवला होता. तुम्ही तेथे मराठी लिहा आणि पुरावा म्हणून काय चालते हे कॉलेजच्या नर्सिंग विभागाला ई-मेलने विचारून ठेवा. दहावीची गुणपत्रिका घरी कोठे आहे, तेही आत्ताच शोधा.