जुना संगणक सुरू व्हायला चार मिनिटं: थेट एसएसडी की आधी तपासणी? चार ठिकाणच्या चौघांची चर्चा

शहापूर, बेळगाव
जुना पीसी उशिरा चालू होतो म्हटलं की हल्ली सगळे एसएसडीच (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, न फिरणारी चिपची डिस्क) घाला म्हणूलेत. मला हे पटत नाही. वेळ कुठे जातो ते आधी घड्याळ लावून बघा. बटण दाबल्यापासून विंडोजचं चिन्ह दिसेपर्यंत पहिला टप्पा, तिथून पासवर्ड मागेपर्यंत दुसरा, पासवर्ड दिल्यावर हाताला काम लागेपर्यंत तिसरा. पहिल्याच टप्प्यात ४० सेकंद जात असतील तर दोष बहुतेक बायोसकडे (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रामकडे) असतो: बूट ऑर्डरमध्ये (कशावरून सुरू व्हायचं त्या क्रमात) नेटवर्क सगळ्यात वर, मागे विसरलेला पेनड्राइव्ह, नाहीतर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल उतरलेला. सेल ३ व्होल्टचा असतो, मीटरवर २.७ च्या खाली दिसला तर बदला. मोजताना शटडाऊन करून नव्हे, रीस्टार्ट करून मोजा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊननंतर विंडोज पूर्ण नव्यानं उठतच नाही.

निपाणी
टप्पे बरोबर आहेत, पण मिनिटाला ५४०० फेऱ्यांची जुनी हार्ड डिस्क आणि वर विंडोज १०, एवढं कळल्यावर मोजायचं काय उरतं? टास्क मॅनेजर उघडा. डिस्कच्या रकान्यात १०० टक्के, आणि वेग बघावा तर सेकंदाला जेमतेम १-२ एमबी. डिस्क काम करते आहे, पण तिचा वेळ डोकं इकडून तिकडे नेण्यात जातो. एकेका विखुरलेल्या तुकड्याला १२-१५ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला शंभराच्या आतच वाचनं. एसएसडीत हलणारा भागच नाही. बोर्ड सॅटा-२ चा (डिस्क जोडायच्या जुन्या, कमी वेगाच्या जोडणीचा) असला तरी अडत नाही, कारण इथे सलग वेगापेक्षा हे तुकडे उचलणं महत्त्वाचं. दर सहा महिन्यांनी फॉरमॅट मारून घेण्यात लोकांचे पैसे जातात, ते मला जास्त खटकतं.

शहापूर, बेळगाव
फॉरमॅटच्या बाजूनं मीही नाही. पण १०० टक्के दिसलं म्हणजे डिस्कच दोषी, असं नाही. दोन अँटीव्हायरस एकाच वेळी चालू असले तरी तेच दिसतं. ४ जीबी रॅम भरली की विंडोज पेजफाइल (रॅमऐवजी डिस्कवरची जागा) वापरतं, तेव्हाही तेच. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्सच्या ऑपरेशनल नोंदीत इव्हेंट १०० बघा, बूटचा वेळ मिलिसेकंदांत मिळतो. १०१ मध्ये कुठल्या प्रोग्रामनं उशीर केला त्याचं नावच येतं. पाच मिनिटांचं काम आहे की.

खानापूर
दोघांच्याही बोलण्यात डिस्कची तब्येत राहिली. आमच्याकडे पावसाळ्यात वीज दिवसातून कितीदा जाते सांगायला नको. चालू पीसी असा बंद पडला की पुढच्या वेळी विंडोज कधी कधी डिस्क तपासत बसतं, आणि लोक त्याला 'स्लो झालाय' म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये ०५ (खराब म्हणून बदललेले भाग) आणि सी५ (नीट वाचता न येणारे भाग) या दोन ओळींची रॉ व्हॅल्यू (मूळ आकडा) बघा. शून्याच्या वर असेल आणि वाढत असेल तर चेकडिस्क /आर अजिबात चालवू नका. तो पूर्ण डिस्क वाचत सुटतो आणि मरणाऱ्या डिस्कला तासन्‌तास राबवतो. आधी फोटो, दुकानाची बिलं, सातबाऱ्याचे स्कॅन बाहेर काढा. फक्त सी७ (डेटा ये-जा करतानाच्या चुका) वाढत असेल तर आधी सॅटा केबल बदलून बघा. दमटपणानं रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात काळपटतात, ते पांढऱ्या खोडरबरनं हलक्या हातानं पुसायचे. यूपीएस ठेवाच, आणि आतली १२ व्होल्टची बॅटरी निकामी झाली असेल तर तीही बदला.

चिकोडी
माझा विरोध खर्चालाच आहे. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि चौथ्या पिढीचा आय-३ विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. अशा यंत्रात पैसे का घालायचे? विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाका. मराठी आणि कन्नड, दोन्ही इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहेत.

निपाणी
घरी ब्राउझिंगला मिंट उत्तम. पण इकडच्या डीटीपीवाल्याला एकाच टेबलावर मराठी लग्नपत्रिकेसाठी श्रीलिपी आणि कन्नड अर्जासाठी नुडी लागते. विंडोजचे ते प्रोग्राम मिंटवर सरळ चालत नाहीत. आणि एसएसडीचे पैसे कुठे बुडतात हो? २.५ इंची सॅटा एसएसडी उद्या काढून दुसऱ्या पीसीत लावता येते. खरी वाया जाते ती जुन्या बोर्डासाठी घेतलेली डीडीआर-३ रॅम, नव्या बोर्डात ती बसतच नाही.

शहापूर, बेळगाव
रॅमचा मुद्दा मान्य. मग एसएसडी लावणाऱ्यांनी एवढं करा. बायोसमध्ये सॅटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) जुना आयडीई असेल तर थेट नवा एएचसीआय करू नका, विंडोज न उठता निळा पडदा येईल. आधी विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सेटिंगमध्ये सेफ बूटवर खूण करा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये मोड बदला, सेफ मोडमध्ये एकदा उठू द्या, मग खूण काढा. सेल उतरला की हाच मोड काही बोर्डांवर आपोआप मूळपदावर जातो आणि एसएसडी खराब निघाली असं वाटतं, म्हणून सेल त्याच दिवशी बदला. ५०० जीबीवरून २४० वर क्लोन (डिस्कची हुबेहूब नक्कल) करताना क्लोनझिला हा नक्कल करणारा प्रोग्राम लहान डिस्क सहसा नाकारतो, तेव्हा आधी सी ड्राइव्ह श्रिंक (लहान) करा. जुनी डिस्क लगेच पुसू नका, निदान महिनाभर तशीच बाजूला ठेवा.

खानापूर
ती डिस्क कोरड्या डब्यात, सिलिका जेलची पुडी घालून ठेवा.