फॉस्फरसच्या गोळ्या नक्की कुणासाठी, पेशंटसाठी की रिपोर्टसाठी?

वैतागवाडीकर:
डायलिसिसवरच्या माणसाला आधीच औषधांचा ढीग, त्यात प्रत्येक जेवणाला दोन-तीन फॉस्फेट बाइंडर, म्हणजे अन्नातलं फॉस्फेट (फॉस्फरस) आतड्यातच धरून ठेवणाऱ्या गोळ्या. माझं स्पष्ट मत, हे सगळं रिपोर्टातला फॉस्फरसचा आकडा गोंडस दिसावा म्हणून चाललंय. प्लासिबोसमोर (औषध नसलेल्या खोट्या गोळीसमोर) उभं करून या गोळ्यांनी आयुष्य वाढतं असं दाखवणारी मोठी ट्रायल दाखवा. 2021 ला जपानची ‘लँडमार्क’ नावाची ट्रायल आली, लँथॅनम विरुद्ध कॅल्शियम कार्बोनेट, हार्टच्या त्रासात फरक नाही. संपला विषय.

क्रिएटिनिन_कुमार:
अहो थांबा, त्या ट्रायलमध्ये दोन्हीकडे बाइंडरच होता की! कुठला घ्यायचा यावर ती बोलते, घ्यायचाच नाही हे तुम्ही त्यातून कुठून काढलंत?
आणि हिशोब करा ना जरा, एका डायलिसिसमध्ये ढोबळमानाने 800 मिग्रॅ फॉस्फेट निघतं, आठवड्यातून तीनदा म्हणजे 2400. पोटात रोज हजारभर जातं, त्यातलं साठ टक्के जरी रक्तात गेलं तरी आठवड्याला 4200. उरलेलं कुठे जाणार? पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन) वाढतं, हाडातून कॅल्शियम निघतं, रक्तवाहिन्या कडक होतात, आणि यातलं काहीच दुखत नाही म्हणून लोकांना वाटतं गोळी फुकट चाललीय.

वैतागवाडीकर:
कॅल्शियमवाल्या गोळ्यांनीच रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचायची भीती असते, ते सोयीस्कर विसरलात. 2017 च्या केडिगो (किडनीच्या आजारांची आंतरराष्ट्रीय संस्था) गाइडलाइननेच त्यांचा डोस मर्यादित ठेवा म्हटलंय. आणि सेव्हेलॅमरने, म्हणजे बिनकॅल्शियमच्या बाइंडरने, पोट साफ होत नाही त्याचं काय?

रात्रपाळी:
मी डायलिसिस युनिटमध्ये काम करते. निम्मी भांडणं गोळी कधी घेतली इथेच मिटतील. डबा संपतो, गप्पा होतात, मग आठवण येते म्हणून तासाभराने गोळी, आता ती कुणाला धरणार? अन्नातलं फॉस्फेट आतड्यात असतानाच ती तिथे हवी, म्हणून घासाबरोबर. सेव्हेलॅमर चावायची-कुटायची नाही, पाण्याने फुगते. लँथॅनम मात्र चावूनच.

नुसताचवाचक:
मला तर दोघांचंही पटत नाही. पाकीटबंद खाण्यात मिसळलेलं फॉस्फेट नव्वद टक्क्यांच्या आसपास शोषलं जातं, कडधान्यातलं त्याच्या निम्मं किंवा कमीच. ते पाकीट बंद करा आधी, मग गोळ्या मोजू. लेबलवर ई 338 ते 341 किंवा 450 ते 452 हे मिसळलेल्या फॉस्फेटचे नंबर दिसले की ठेवा परत.

वैतागवाडीकर:
म्हणजे आता खाणंही बंद! एकीकडे प्रोटीन खा म्हणायचं, दुसरीकडे हे.

क्रिएटिनिन_कुमार:
प्रोटीन सोडा असं कोण म्हणालं? प्रोटीनबरोबर फॉस्फेट येतंच, तरी ते खायचं म्हणूनच तर बाइंडर. गोळ्या जास्त होतात हे मात्र मान्य. 2023 च्या ऑक्टोबरात अमेरिकेत टेनापॅनॉरला परवानगी मिळाली, ते फॉस्फेटला बांधत नाही, आतड्यातून आत जायची वाटच अरुंद करतं, दिवसातून दोनदाच. पण जुलाब होतात, आणि परवानगी बाइंडर पुरत नाहीत किंवा सोसत नाहीत त्यांच्यासाठी.

वैतागवाडीकर:
घ्या, एकाने बद्धकोष्ठ, दुसऱ्याने जुलाब.

रात्रपाळी:
थायरॉइडची गोळी चालू असेल तर सेव्हेलॅमरपासून लांब ठेवा हो, तीही धरून ठेवतं ते. वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्या, इथे भांडून नाही ठरत.