लांब आणि आडव्यातिडव्या वाढलेल्या पापण्यांना घरच्या घरी वळण कसे लावावे?

नीलमोहर

माझे वय ५४ वर्षे आहे आणि आयुष्यभर विरळ पापण्यांची असल्यामुळे हा प्रश्न विचारताना मला थोडे हसूच येत आहे. गेल्या आठ-नऊ महिन्यांत माझ्या पापण्यांचे केस इतके लांबले आहेत की डोळ्यांची उघडझाप करताना ते चष्म्याच्या काचेला लागतात आणि काचेच्या आतल्या बाजूला कमानीसारखी तेलकट रेघ उमटते, जी मला दिवसातून चार-पाच वेळा पुसावी लागते. डाव्या डोळ्याचे केस तर अगदीच ऐकत नाहीत. काही सरळ खाली झुकलेले असतात, दोन-तीन शेजारच्या केसांवर आडवे पडलेले असतात आणि अंघोळीनंतर सगळ्यांचे मिळून झुपके होतात. मुलीने पापण्यांना बाक देणारा कर्लर आणून दिला, पण दोनदा पापणीच्या कातडीलाच चिमटा बसल्यापासून तो डब्यात पडून आहे. एक मैत्रीण टोके कात्रीने छाटायला सांगते, तर शेजारच्या काकू एरंडेल तेल लावायला सांगतात. पुढच्या महिन्यात भाचीचे लग्न आहे, तोपर्यंत निदान फोटोत बरे दिसावे एवढीच इच्छा आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

घारी

नीलमोहर ताई, सर्वप्रथम ती कात्री कपाटात ठेवून द्यावी. डोळ्यापासून काही मिलिमीटरवर टोकदार वस्तू धरण्याचा धोका तर आहेच, शिवाय पापणीच्या केसाचे टोक निमुळते असते म्हणून तो मऊ लागतो. छाटलेले टोक बोथट व राठ होते आणि वळलेला केस डोळ्याकडे झुकला तर अधिक बोचते. उपटण्याच्या फंदातही पडू नये. उपटलेला केस परत येतो आणि पुष्कळदा आधीपेक्षा वाकडा येतो.

माझ्या पापण्या जन्मापासूनच लांब आणि सरळ आहेत. पंचवीस वर्षांच्या खटपटीनंतर हाती लागलेली पद्धत अशी आहे. अंघोळीनंतर केस टिपून घ्यावेत, चोळू नयेत. किंचित दमट असतानाच मस्काऱ्याच्या संपलेल्या कांडीचा स्वच्छ धुतलेला ब्रश खालून वर, मुळाकडून टोकाकडे हलकेच फिरवावा. झुपके सुटतात ते याच वेळी, कारण वाळल्यानंतर तेच केस ओढले जातात. कर्लर मात्र केस पूर्ण कोरडे झाल्यावरच वापरावा. आरसा हनुवटीच्या खाली धरून खाली पाहिले, की पापणीची कड आणि केसांची मुळे वेगवेगळी दिसतात. आपल्याला चिमटा बसला तो बहुधा समोर आरशात पाहत कर्लर लावल्यामुळे. मुळाशी हलका दाब देऊन पाच-सहा सेकंद धरावे, सोडावे, मग मध्यावर आणि शेवटी टोकाशी तसेच करावे. एकदाच जोरात दाबले तर केसाला कमान न येता कोन पडतो आणि तो फार विचित्र दिसतो. दाबलेल्या अवस्थेत हात पुढे ओढू नये.

मस्कारा नेहमी कर्लरनंतर लावावा. आधी लावल्यास केस रबराला चिकटतात आणि कर्लर उघडताना तुटतात. रबराच्या पट्टीला चीर पडली असेल तर ती बदलावी, नाहीतर खालची धातूची कड सुरीसारखे काम करते. रोजच्यासाठी रंग नसलेला पारदर्शक मस्कारा पुरतो. त्याने केस जागेवर बसतात आणि काचेवर काळे डाग पडत नाहीत. एरंडेलाबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. त्याने केसांना चमक येते हे खरे, पण आपल्याला ते वाढवायचे नाहीत, आणि तेलकट केस काचेवर आणखी रेघा उमटवतील.

काचवाला

मी चष्म्याच्या दुकानात बावीस वर्षे काम करतो, त्यामुळे पापण्यांच्या सजावटीवर बोलण्याचा मला अधिकार नाही. पण काचेवरच्या रेघेवर आहे. डोळा आणि काच यांत साधारण १२ ते १४ मिलिमीटर अंतर असते आणि वरच्या पापणीचे केस सर्वसाधारणपणे ८ ते १२ मिलिमीटर लांब असतात. म्हणजे मुळातच जागा जेमतेम असते, त्यात केस लांबले की ते काचेला टेकणारच. फ्रेमला धातूच्या काडीवर बसवलेले नोजपॅड असतील तर ते थोडे आत वळवून चष्मा एक-दोन मिलिमीटर पुढे आणता येतो, आणि तेवढ्याने बहुतेकांचे काम भागते. जाड प्लॅस्टिकच्या अखंड फ्रेमला ही सोय नसते. घरी पकडीने प्रयोग करू नयेत. विशेषतः प्रोग्रेसिव्ह, म्हणजे दूरचे आणि जवळचे एकाच काचेतून दाखवणाऱ्या काचा असतील तर अंतर आणि कल बदलल्यावर वाचण्याचा भाग सरकतो, म्हणून दुकानात बसून, समोर वाचून पाहूनच बदल करून घ्यावा. आणि काच पदराने पुसू नये, कोटिंगवर चरे पडतात. हे आपण करता असे आपण लिहिलेले नाही, पण बावीस वर्षांत न करणारे फारच थोडे पाहिले.

जाईजुई

वरचे दोन्ही सल्ले चांगले आहेत, परंतु मूळ प्रश्न वाचताना मी एका वाक्यावर अडखळले. आयुष्यभर विरळ असलेल्या पापण्या चोपन्नाव्या वर्षी, आठ-नऊ महिन्यांत लांब होतात आणि त्याही एका डोळ्याच्या जास्त, हे आपोआप सहसा घडत नाही. मी नेत्रतपासणीचे काम करते, म्हणून विचारते: आपण डाव्या डोळ्यात रोज एखादे औषध घालता का?

नीलमोहर

होय. गेल्या वर्षी डाव्या डोळ्यात काचबिंदूची सुरुवात असल्याचे निदान झाले आणि तेव्हापासून रोज रात्री त्या डोळ्यात लॅटानोप्रोस्टचा एक थेंब घालते. उजव्या डोळ्याला दोन महिन्यांनी सुरू झाले. त्याचा पापण्यांशी संबंध असेल असे मनातही आले नाही, म्हणून लिहिले नव्हते.

जाईजुई

मग उलगडा झाला. लॅटानोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट आणि बिमाटोप्रोस्ट या एकाच कुळातल्या औषधांमुळे डोळ्यातला दाब उतरतो, परंतु पापण्यांचे केस अधिक काळ वाढीच्या अवस्थेत राहतात. त्यामुळे ते लांब, जाड, गडद आणि पुष्कळदा भलत्या दिशेला वाढलेले दिसतात. हा परिणाम इतका ठळक आहे, की बिमाटोप्रोस्टला २००८ मध्ये अमेरिकेत केवळ पापण्या वाढवण्यासाठी वेगळी मान्यता मिळाली. लोक ज्यासाठी पैसे मोजतात ते आपल्याला न मागता मिळाले आहे!

आता महत्त्वाचे. केसांसाठी औषध स्वतःहून मुळीच थांबवू नका. काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नाही. केसांचे तसे नाही, पुढे कधी डॉक्टरांनी औषध बदललेच तर ते काही महिन्यांत पूर्ववत होतात. थेंब घालण्यापूर्वी मस्कारा पूर्ण काढावा. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटे हलकेच दाबून धरावा आणि कडेला ओघळलेले औषध स्वच्छ टिश्यूने लगेच टिपावे, कारण ते जिथे साचते तिथली त्वचा काळवंडते आणि बारीक लवही उगवते. बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नये.

एखादा केस बुबुळाला घासत असेल, डोळ्यात सतत खडा असल्यासारखे वाटत असेल, लाली किंवा पाणी येत असेल, तर कर्लरने तो वळवत बसू नये. तो केस डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा. पापणीच्या कडेला कोंड्यासारखे पापुद्रे किंवा रांजणवाडी असताना कर्लर आणि मस्कारा दोन्ही बंद ठेवावेत. आणि पुढच्या तपासणीला या बदलाची नोंद डॉक्टरांकडे अवश्य करावी.

नीलमोहर

मनावरचे ओझे उतरले. आज दुपारी नोजपॅड वळवून घेतले आणि संध्याकाळपर्यंत काच एकदाच पुसली. कर्लरचाही खाली आरसा धरून प्रयत्न केला, या वेळी चिमटा बसला नाही. आता फक्त दोन्ही डोळ्यांत दिसणारा फरक तेवढा उरला आहे.

घारी

तो सोपा आहे, ताई. लग्नाच्या दिवशी डाव्या पापण्यांना फक्त पारदर्शक मस्कारा लावावा आणि उजव्यांना काळ्याचे दोन हात द्यावेत, पहिला वाळल्यानंतरच दुसरा. आदल्या दिवशी एकदा करून, दोन हात अंतरावरून कोणाला तरी फोटो काढायला सांगावा.