मदत हवी आहे: खानापूरकडच्या जुन्या घरांचे फोटो रंगीत ठेवू की सेपिया छटेत कृष्णधवल?

कौलारू:
बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या जुन्या घरांची फोटोमालिका करायलोय. १२ बाय १८ इंचांचे २० प्रिंट गावच्या वाचनालयात लावायचेत. सगळे रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, न दाबलेल्या फाइलींत) आहेत. कृष्णधवल केलं की जांभ्याची भिंत आणि तिच्यावरचं शेवाळ एकाच राखाडीत मिसळतं. रंगीत ठेवलं तर दारातलं निळं पिंप आधी डोळ्यात भरतं. वरून सेपिया टोन (जुन्या फोटोंसारखी तपकिरी छटा) दिला तर भागेल काय?

चौकट:
टोननं भागणार नाही. जांभ्याचा तांबडा आणि शेवाळाचा हिरवा, दोन्हींची उजळता जवळपास सारखी असते आणि कृष्णधवलात तेवढीच उरते. टोन त्या राखाडीवर चढतो, म्हणजे दोन्ही सारखेच तपकिरी होणार.

फरक कृष्णधवलात रूपांतर करतानाच पाडायचा. एडिटिंग सॉफ्टवेअरात प्रत्येक रंगाची उजळता बदलणारे स्लायडर असतात: लाल आणि नारिंगी +२५ ते +३५, हिरवा आणि पिवळा −२० ते −३०. नुसता हिरवा ओढू नका. शेवाळाचा बराच भाग पिवळ्यात मोडतो आणि इथंच बहुतेकांचं चुकतं. पिंपासाठी निळा −४० पर्यंत न्या, ते गडद होऊन सावलीत जातं. त्यापुढं नेलात तर आकाशात दाणे उठतात आणि कौलांच्या कडेनं पांढरी रेघ दिसते. हे जेपेगवर करू नका, ८ बिटांत आकाशाला पट्टे पडतात.

सोपा_पडवी:
माझं मत रंगीतच ठेवा. गेरूचा पट्टा, नीळ घातलेला चुना, शेणानं सारवलेलं अंगण ही या घरांची माहिती आहे, ती पुसून कशाला टाकायची? सौंदत्तीकडच्या दगडी भिंतींत मुळातच रंग कमी, तिथं कृष्णधवल शोभतं. जांभ्याला नाही. पिंप तर घरच्यांना विचारून चार पावलं बाजूला ठेवता येतं की.

रंग बिघडतो तो ऑटो व्हाइट बॅलन्समुळं, म्हणजे कॅमेरा उजेडाची छटा आपणहून काढतो त्यामुळं. सोप्यातल्या (ओसरीतल्या) तांबड्या फरशीवरून परतणारा उजेड तो फिका करतो आणि भिंत मेल्यासारखी दिसते. प्रत्येक जागी एक फ्रेम ग्रे कार्डाची (रंग जुळवायच्या राखाडी पुठ्ठ्याची) घ्या. आतला सोपा आणि उन्हातलं अंगण एकत्र हवं असेल तर ट्रायपॉडवर २-२ स्टॉपच्या फरकानं ३ फ्रेम (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) घेऊन त्या जोडा. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडं दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, वळचणीची सावली भिंतभर पडते. सकाळी साडेआठच्या आत काढा.

कौलारू:
पटलं. पण पडक्या वाड्याचे ६ फोटो कृष्णधवलातच उठून दिसतात. मिसळले तर चालतील काय?

चौकट:
एकाआड एक नको, ते ६ वेगळ्या भिंतीवर लावा. टोन सहाही फोटोंना एकच: हायलाइटला (उजळ भागांना) ह्यू म्हणजे रंगछटा ४०-४५, सॅच्युरेशन म्हणजे रंगाचा गडदपणा ८-१०, शॅडो (गडद भाग) तशाच. सॅच्युरेशन १५ च्या वर गेलं की चहा सांडल्यागत दिसतं. जुन्या प्रिंटांतला सेपिया हा चांदीचं सिल्व्हर सल्फाइड करून प्रिंट टिकवायचा उपाय होता. आज तो दिला की फोटोच जुना वाटतो, म्हणून खाली महिना आणि साल नक्की लिहा.

लॅबवाल्याला ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगा, नाहीतर मशीन तुमचा टोन 'दुरुस्त' करून टाकतं. आधी ४ बाय ६ चा एक प्रिंट काढून दिवसाउजेडी बघा. वाचनालयात ट्यूबलाइट असेल तर तिच्याखालीही बघा, तपकिरी तिथं हिरवट वाटू शकतो.