'डार्मॉक'मधील बोलीला 'रूपक' म्हणावे का?

प्रश्न : 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेच्या पाचव्या पर्वातील 'डार्मॉक' हा भाग (पहिले प्रसारण सप्टेंबर 1991) आणि त्यावर आजतागायत चाललेली प्रेक्षकांची चर्चा यांविषयी मी एक लेख लिहीत आहे. या भागातील टामारियन नावाचे परग्रहावरचे लोक केवळ कथांचे तुकडे उच्चारून बोलतात. 'शाका, भिंती कोसळल्या तेव्हा' म्हणजे अपयश. 'टेम्बा, बाहू पसरलेले' म्हणजे देणे. 'सोकाथ, डोळ्यांवरचे आवरण गेलेले' म्हणजे उमगणे. अनुवादयंत्र प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगते, पण बोलण्याचा अर्थ मात्र कोणालाच लागत नाही. इंग्रजी चर्चेत या बोलीला सरसकट 'मेटाफर' म्हटले जाते. मराठीत 'रूपक' हा प्रतिशब्द येथे चालेल काय?

उत्तर : माझ्या मते चालणार नाही, आणि कारण केवळ काटेकोरपणाचे नाही. या भागावर प्रेक्षकांनी घेतलेले बरेचसे आक्षेप या एका शब्दातूनच निघालेले आहेत.

रूपक अलंकारात उपमेय आणि उपमान यांच्यात अभेद मानलेला असतो. 'नयनकमल' म्हटले की डोळा हेच कमळ, आणि दोहोंतील समान गुण ऐकणाऱ्याला स्वतःच्या बुद्धीने शोधता येतो. पानिपतच्या पराभवाची वार्ता दक्षिणेत आणणारा जो सावकारी निरोप प्रसिद्ध आहे, त्यात दोन मोती गळाल्याचा, मोहरा हरवल्याचा आणि चांदी-तांब्याची गणती नसल्याचा उल्लेख होता असे सांगतात. विश्वासराव आणि भाऊसाहेब यांची नावे त्यात नाहीत. पण मोती, मोहर आणि खुर्दा यांच्या मोलाची उतरंड ठाऊक असलेल्या माणसाला तो निरोप उलगडता येतो. हे खरे रूपक होय. 'शाका' मात्र अशा विचाराने उलगडत नाही. त्या भिंती कोणत्या गावच्या होत्या आणि त्या पडल्यामुळे कोणाचे काय झाले, ही कथा ठाऊक असेल तरच बोध होतो. एरवी कितीही बुद्धी लढवली तरी हाती काही लागत नाही. मालिकेतील डॉक्टर क्रशर नेमके हेच सांगतात. समुपदेशक ट्रॉय सज्जात उभ्या असलेल्या ज्यूलिएटचे उदाहरण देतात, तेव्हा ज्यूलिएट कोण हेच ठाऊक नसेल तर त्या चित्राला काही अर्थ नाही, असे क्रशर त्यांच्या लक्षात आणून देतात.

येथे मालिकेतील अंतराळयानाचे कॅप्टन पिकार्ड यांचे वाक्य बारकाईने ऐकण्यासारखे आहे. टामारियन कॅप्टन डेथनच्या बोलण्यातले मर्म उमगते त्या क्षणी ते दोन गोष्टी लागोपाठ उच्चारतात : तुम्ही उदाहरण देऊन बोलता, मेटाफरने बोलता. प्रेक्षकांनी दुसरा शब्द उचलला आणि पहिला सोडून दिला. मला पहिला अधिक अचूक वाटतो, आणि त्यासाठी मराठीत 'दाखला' हा अस्सल शब्द तयार आहे. पूर्वी घडलेली एखादी गोष्ट समोरच्या प्रसंगाला लावून दाखवणे म्हणजे दाखला देणे. (या शब्दाने तहसील कचेरीतील उत्पन्नाचा दाखलाच आधी डोळ्यांपुढे येतो हे खरे, परंतु तो दोष शब्दाचा नाही.)

प्रेक्षकांचा सर्वांत गाजलेला आक्षेप असा की, 'टेम्बा, बाहू पसरलेले' याचा अर्थ 'देणे' असेल तर सरळ 'देणे' हा शब्दच का वापरू नये, आणि अनुवादयंत्रानेही तसेच भाषांतर का करू नये? 'एक तुकडा म्हणजे एक शब्द' असे समीकरण मांडले की हा आक्षेप अटळ होतो. आता प्रसंग पाहावेत. परक्या ग्रहावर हे दोघेच असताना रात्रीच्या थंडीत पिकार्ड यांना शेकोटी पेटवता येत नाही. डेथन हसून 'शाका' म्हणतो आणि मग आपल्या शेकोटीतील जळते लाकूड त्यांच्याकडे टाकत 'टेम्बा, बाहू पसरलेले' असे म्हणतो. भागाच्या अखेरीस डेथनचा मृत्यू झाल्यावर पिकार्ड त्याचा खंजीर टामारियन उपकप्तानाला परत करू पाहतात आणि तेच 'टेम्बा' वाक्य वापरतात. त्यावर उत्तर येते, 'टेम्बा, विसावलेला' : खंजीर तुमच्यापाशीच राहू द्या. टेम्बा तोच, पण कथेतील क्षण वेगळा. 'टेम्बा' हा 'देणे' या क्रियापदाचा पर्याय असता तर हे उत्तर संभवलेच नसते. बोलणारा कथेतील योग्य क्षणावर बोट ठेवतो आणि 'आपण या घडीला येथे आहोत' असे सांगतो. 'द अटलांटिक'मध्ये 2014 साली इयन बोगोस्ट यांनी लिहिलेल्या निबंधातही पिकार्ड आणि ट्रॉय यांनी या बोलीला लावलेली नावे अपुरी आहेत असेच प्रतिपादन आहे, जरी त्यांनी सुचवलेला पर्याय माझ्याहून निराळा आहे.

दुसरे मत : 'दाखला'पेक्षा 'दृष्टांत' हा शब्द अधिक योग्य नाही काय? त्याला मराठीत मोठी परंपरा आहे, आणि टामारियन तरी दुसरे काय करतात?

उत्तर : परंपरा आहे, आणि तीच येथे आड येते. केसोबासांच्या 'दृष्टांतपाठा'त चक्रधरस्वामींचे 114 दृष्टांत आहेत. त्यांची रचना सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी तीन अंगांची आहे : आधी सिद्धांत, मग गोष्ट, मग ती गोष्ट सिद्धांताला कशी लागू पडते याचा खुलासा. हत्तीच्या दृष्टांतात आंधळ्यांनी हत्ती कसा चाचपला ते सांगितले जाते; ऐकणाऱ्याला ते आधीच ठाऊक असावे अशी अट नसते. टामारियन बोलीत सूत्रही नाही आणि दार्ष्टांतिकही नाही. उरतो तो कथेचा एक कवडसा, आणि बाकीचे सर्व ऐकणाऱ्याने पदरचे घालायचे. म्हणून 'दृष्टांत' जवळचा असला तरी तो या बोलीपेक्षा पुष्कळ उदार आहे.

तिसरे मत : मग हे सरळसरळ वाक्प्रचार नव्हेत काय? 'लंकेची पार्वती', 'सुदाम्याचे पोहे', 'ध चा मा करणे' हे आपण रोज म्हणतो. शिवाय मुलांना या कथा कोणत्या भाषेत सांगत असतील, हा प्रेक्षकांचा प्रश्नही अनुत्तरितच राहतो.

उत्तर : या मतात तथ्य आहे, पण दोन भेद सोडून चालणार नाही. पहिला व्याकरणाचा. मराठी वाक्प्रचार वाक्यात मुरतो : 'त्याने ध चा मा केला', 'आमच्या बेताचे पानिपत झाले'. काळ, लिंग, वचन सर्व मराठीचे, कथा फक्त ऐवज पुरवते. टामारियन तुकडा मात्र उघडाच टाकला जातो, त्यात 'मी' नाही आणि 'तू'ही नाही. म्हणूनच मराठी रूपांतर करताना 'बाहू पसरलेला टेम्बा' असे सफाईदार विशेषण करू नये. 'टेम्बा, बाहू पसरलेले' हा तुटकपणाच जपावा.

दुसरा भेद कथेच्या आयुष्याचा. 'बादरायण संबंध' म्हणणाऱ्या किती जणांना तो श्लोक आठवतो, ज्यात पाहुणा सांगतो की माझ्या गाडीचे चाक बोरीच्या लाकडाचे आणि तुमच्या दारी बोरीचे झाड, एवढाच आपला संबंध? कथा विसरली तरी शब्दाचे काही अडत नाही, कारण तो वापरातूनच शिकला जातो. टामारियन मुलेही पुष्कळसे असेच शिकत असतील. पण ती कथा त्यांच्यात जिवंत आहे, हेही डेथन दाखवतो. शेकोटीपाशी तो डार्मॉक या टामारियन पुराणकथेतील शिकाऱ्याची गोष्ट त्याच तुकड्यांनी रचतो : डार्मॉक सागरावर, जलाद सागरावर, डार्मॉक आणि जलाद तनाग्रा येथे, तनाग्राचे श्वापद, आणि शेवटी दोघे मिळून सागरावर. क्रम हाच त्याच्या कथनातील क्रियापदाचे काम करतो. मग तो पिकार्ड यांच्याकडून गोष्ट मागतो आणि त्याला प्राचीन मेसोपोटेमियाच्या महाकाव्यातील मित्र गिल्गमेश व एन्किडू यांची कथा ऐकायला मिळते. तिच्यातील निम्मे शब्दही त्याला कळले नसतील, तरी तो समाधानाने ऐकतो.

यानांच्या दुरुस्तीचे काय, कोणता पेच किती आवळायचा हे 'शाका'ने कसे सांगायचे, हा आक्षेप मात्र मला पूर्णपणे मान्य आहे. त्याचे उत्तर त्या भागात मिळत नाही. 'लोअर डेक्स' या पुढच्या मालिकेत 2021 साली केशॉन नावाचा टामारियन अधिकारी आला, तो बहुतेक वेळ साध्या वाक्यांत बोलतो आणि मधूनच मूळ बोलीवर जातो. लेखकांनी अडचण अशी बाजूला सारली, एवढेच म्हणता येईल.

तेव्हा लेखात 'दाखल्यांची बोली' असे म्हणावे, पहिल्या उल्लेखापाशी 'मेटाफर' हा इंग्रजी चर्चेतील रूढ शब्द देवनागरीत द्यावा, आणि 'रूपक' टाळावे. 'शाका, भिंती कोसळल्या तेव्हा' हे वाक्य आज त्या मालिकेचे चाहते एखादा बेत फसला की परस्परांना सहज ऐकवतात. त्यासाठी मात्र 'वाक्प्रचार' हा शब्द अवश्य वापरावा, कारण शाका कोण होता हे त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नाही.