गेजने गुन्हा केलाच नव्हता

'मेंदूला मार लागला की माणूस गुन्हेगार होतो' यासाठी फिनिअस गेज या अमेरिकी रेल्वे कामगाराचा दाखला दिला जातो, तो पटत नाही. १८४८ मध्ये लोखंडी पहार त्याच्या कवटीतून आरपार गेली, स्वभाव बदलला, सगळं खरं. पण त्याने गुन्हा केल्याची नोंद कुठेच नाही. उलट पुढे तो चिलीत जाऊन कित्येक वर्षं घोडागाडी हाकत होता!

त्यापेक्षा अमेरिकेतल्या व्हर्जिनियाची २००० सालची केस बघा. (ती ट्यूमरची आहे, माराची नाही, पण मुद्दा तोच.) चाळिशीचा शिक्षक, आधी असलं काही नाही, अचानक लहान मुलांबद्दल लैंगिक विकृती. सावत्र मुलीशी गैरवर्तन केलं, दोषी ठरला. शिक्षा सुनावण्याच्या आदल्या रात्री डोकं दुखतंय म्हणून इस्पितळात गेला, तर कपाळामागे, डोळ्यांच्या वरच्या भागात अंड्याएवढी गाठ. ती काढली आणि विकृती गेली. २००१ मध्ये डोकेदुखी आणि विकृती दोन्ही परतली. तपासलं तर गाठ पुन्हा वाढलेली. परत शस्त्रक्रिया, परत सुधारणा.

पण खरी गोम पुढेच आहे. आपण करतोय ते वाईट आहे हे त्याला पक्कं कळत होतं, म्हणूनच तो लपवत होता. फक्त आवरत नव्हतं. आपल्याकडे मानसिक आजारामुळे गुन्ह्यातून सूट देणारं भारतीय दंड संहितेचं कलम ८४ (आता भारतीय न्याय संहितेचं २२) कळत होतं की नाही एवढंच विचारतं, आवरता येत होतं का हे विचारतच नाही. म्हणजे गाठ सापडूनही हा माणूस आपल्या कोर्टात त्या कलमाखाली सुटणं अवघडच.